लाजेचा रकाना

रात्री दोन वाजता मी मोबाईलवर मराठीत टाइप केलं होतं, ‘सोनं लिलावाची नोटीस आली तर काय करायचं’. समोर आल्या त्या कर्ज देणाऱ्यांच्या जाहिराती. माझ्यासारख्या एखाद्या बाईनं आपलं काय झालं, किती लागले, कुठं रडू आलं हे लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून आता मी लिहितेय. सप्टेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५, एवढ्या काळातलं आहे, आणि अजून संपलेलं नाही.

माझं सासर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं. आम्ही राहतो शहापुरात, भाड्याच्या दोन खोल्यांत. हे उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत, पगार १७,५००. मी घरी ब्लाउज शिवते, त्याचे महिन्याला सहा हजारांच्या आसपास सुटतात. लग्नसराईत जास्त, आषाढात कमी. मुलगी तेव्हा नववीत होती.

गावची महालक्ष्मी यात्रा एप्रिल २०२३मध्ये झाली, बावीस वर्षांनी. आमच्याकडच्यांना यात्रा म्हणजे काय ते सांगायला नको. देवी गदगेवर, म्हणजे चौथऱ्यावर, बसते, भंडाऱ्यानं सगळा गाव पिवळा होतो, आणि ज्या घरी एरवी चार माणसं जेवतात तिथं एका दिवसात तीनशे पानं उठतात. यात्रेआधी घराला रंग लागतो, दारात मांडव पडतो, लेकी-बहिणींना साड्या घ्याव्या लागतात. त्या दिवसांत मी फार आनंदात होते, हे आधीच सांगते. सासूबाई म्हणाल्या होत्या, “पुढची यात्रा काय मी बघत न्हाई.” त्यांच्यासाठी सगळं मनापासून केलं.

आमच्या वाट्याला खर्च आला २,५८,०००. माझं गंठण ठेवून ६०,०००, पाटल्या ठेवून ५०,०००, छोटी कर्जं देणाऱ्या दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून ५०,००० आणि ४०,०००, बचत गटातून ३०,०००. राहिलेले २८,००० आमच्याजवळचे. हा आकडा आज मी सहज लिहिला. तेव्हा मी तो कधीच एकत्र मांडला नव्हता. पाच ठिकाणचे पाच आकडे पाच कप्प्यांत ठेवले होते. एक आठवला की दुसरा विसरायचा, असं दीड वर्ष चाललं.

त्या महिन्यात मी किती सह्या केल्या ते आठवत नाही. कागद कन्नड आणि इंग्रजीत. मी मराठी शाळेत शिकले. कन्नड विषय होता, त्यामुळे दुकानाची पाटी, बसचा फलक वाचता येतो. पण कराराचा बारीक छापा आला की जोडाक्षरांत अडकते, आणि इंग्रजीचंही तेच. समोरचा माणूस बोट ठेवून म्हणायचा, “इथं सही करा अक्का, इथं, आणि इथं.” मागं बायकांची रांग. ‘मला हे वाचता येत नाही, वाचून सांगा’ एवढं म्हणायची मला लाज वाटली. दहावीपर्यंत शिकलेली बाई आणि वाचता येत नाही म्हणते, असं वाटेल म्हणून.

हप्ते सुरू झाले. मायक्रोफायनान्सचे दोन मिळून महिन्याला ४,७५५, गटाचे १,५००. हे मी एकदाही चुकवले नाहीत, कारण ते मागायला माणूस येतो. गंठणासाठी मात्र दारात कोणी येत नाही. तिथून पत्र येतं, आणि पत्र न उघडता ठेवता येतं. जे मला सगळ्यात प्रिय होतं त्याचंच व्याज मी सतरा महिने भरलं नाही. हे मला फार उशिरा कळलं, की मी कर्ज फेडत नव्हते, मी माझ्या दारातली लाज फेडत होते.

पाच पाकिटं आली होती. ती मी तांदळाच्या डब्याखाली सरकवली. मोबाईलवर मेसेज वाजला की पोटात गोळा यायचा. फोन पालथा ठेवायची सवय लागली.

२२ सप्टेंबर २०२४, अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार. मखर माळ्यावर टाकायचं म्हणून मुलीनं डबा सरकवला आणि पाकिटं बाहेर आली. तिनं विचारलंसुद्धा नाही. तिथंच फरशीवर मांडी घालून एकेक फोडून वाचायला लागली. तिचं कन्नड माझ्यापेक्षा खूप चांगलं आहे. मी मशीनवर बसून होते, पायाखाली पायडल, आणि पाय हलत नव्हता.

पाचातलं एक आमचं नव्हतंच, शेजारच्यांचं होतं. एक आधारची प्रत जमा करा म्हणून. एक मायक्रोफायनान्सच्या कर्जाबरोबरच्या विम्याचं प्रमाणपत्र. एक व्याज थकल्याची आठवण. आणि एक खरं. २५ ऑक्टोबरपर्यंत रक्कम भरली नाही तर दागिन्यांचा लिलाव. मुलीनं तारीख वाचली आणि बोटांवर मोजलं. “तेहतीस दिवस आहेत आई.” एवढंच म्हणाली. मी कितीतरी महिने समजत होते की माझं गंठण गेलंच असेल.

त्या रात्री झोप लागली नाही, छातीत धडधड. त्या जाहिराती मी याच रात्री बघितल्या. पहाटे मी १४४१६ ला फोन केला. टेलिमानस म्हणून केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते आणि भाषा निवडता येते. मला वाटलं होतं, पैशाच्या काळजीसाठी तिथं कोण ऐकून घेणार? पण पलीकडच्या बाईंनी ऐकलं. कर्ज किती हे त्यांनी आधी विचारलंच नाही. विचारलं, “लहानपणी घरात पैसे कसे मोजायचे?”

मला एकदम बाबा दिसले. माझं माहेर वडगावचं, बाबा मागावर साड्या विणायचे. सावकाराकडून उचल घ्यायची, साड्या देऊन फेडायची, की परत उचल. आठवड्याची मजुरी आणली की बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मोजायचे. आम्हा मुलांना दिसायची ती त्यांची पाठ. आई म्हणायची, मोजताना बोलू नको, लक्ष्मी जाते. तिन्हीसांजेला कुणी उसने मागितले तर आई दारातूनच ‘उद्या सकाळी या’ म्हणायची आणि मग आत येऊन डोळे पुसायची, कारण सकाळीही देण्यासारखं काही नसायचं. म्हणजे पैसा ही पाठ फिरवून करायची गोष्ट आहे, हे मी चार-पाच वर्षांची असतानाच शिकले. डब्याखाली पाकिटं सरकवणं दुसरं काय होतं?

फोन चाळीस मिनिटं चालला असेल. त्या बाईंनी दोन कामं दिली. एक, दोन दिवसांत घरातल्या एका मोठ्या माणसाला सगळं सांगायचं. दुसरं, एक वही घालायची आणि खर्च लिहिताना त्या वेळी मनात काय होतं तेही एका शब्दात लिहायचं. ज्यांच्या मनात याहून काळे विचार येत असतील त्यांनी पहाटेपर्यंतही थांबू नये, त्याच क्षणी फोन करावा.

दोन दिवसांचे सात झाले. आमच्या चाळीत भिंती पातळ आहेत, घरात बोलणं शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी, २९ तारखेला, मी यांना म्हणाले, किल्ला तलावावर जाऊया. दोघंच कधी जात नाही, त्यामुळे हे घाबरलेच. बाकावर बसून मी पाकिटं आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बोलायला लागले. मध्येच आवाज फुटला. हे म्हणाले, “रडायलीस कशाला? हाय ते हाय. लिही आधी.” मग त्यांनीच एकेक आकडा सांगितला आणि मी लिहिला. शेवटी बराच वेळ पाण्याकडे बघत गप्प बसले आणि म्हणाले, “आणि आठ हजार माझे लिही. शिफ्टमधल्या एकाचे घेतलेत, यात्रेच्या वेळचे.” सोळा वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी सगळी देणी एका पानावर पहिल्यांदा बघितली. आकडा मोठा होता. पण तो एकच होता, आणि त्याला खाली रेघ मारता येत होती.

१ ऑक्टोबरला मी सोनं ठेवलेल्या शाखेत गेले. सकाळी साडेदहाला गेले, नंबर आला साडेबाराला. मूळ पावती, आधार आणि ते नोटिशीचं पत्र बरोबर होतं. ज्यांना जायचंय त्यांनी हे करावं: तोंडी आकडा घेऊन परत येऊ नये, ‘आजच्या तारखेपर्यंतचा हिशोब छापून द्या’ म्हणावं. मला तो मिळाला. गंठण आणि पाटल्या, दोन्हींचं व्याज आणि दंड मिळून १९,६४०. ते भरलं तर आणखी एका वर्षासाठी नूतनीकरण. मी आणखी एक विचारलं, जे विचारायचं मी आदल्या रात्री वहीत लिहून नेलं होतं: लिलाव झाला आणि देण्यापेक्षा जास्त पैसे आले, तर जादाचे कोणाचे? तिथल्या मुलीनं सांगितलं, तुमचेच, ते परत द्यावे लागतात. मला हे माहीत नव्हतं. दुसरं, गंठण आणि पाटल्या वेगवेगळ्या कर्जावर असल्यानं एक आधी सोडवता येईल, हेही तेव्हाच कळलं. दागिने ठेवायचेच असतील तर सगळे एका पाकिटात ठेवू नका, हे माझं सांगणं आहे.

१९,६४० कुठून आणायचे? आमची दहा बायकांची भिशी आहे, महिना दोन हजार. माझा नंबर फेब्रुवारीत होता. ऑक्टोबरचा नंबर मागायचा तर कारण सांगावं लागणार. ५ ऑक्टोबरला भिशी चालवणाऱ्या काकूंच्या घरी सगळ्या जमल्या होत्या, नवरात्र चालू होतं, घटाला माळ घातलेली. मी उभी राहून म्हणाले, “माझं गंठण गहाण हाय. लिलावाची तारीख आलीय. मला या महिन्याची भिशी पाहिजे.” एक बाई म्हणाली, “यात्रेला मात्र काय थाट होता तुमचा.” ते लागलं. आजही लागतं. दोघी खाली बघत राहिल्या. जिचा नंबर होता ती, तिची माझी फारशी ओळखही नव्हती, म्हणाली, घे, मला फेब्रुवारी चालेल. ८ तारखेला पैसे भरले. वीस हजारांतले ३६० उरले, त्यातले शंभर मुलीला दिले.

नंतरच्या आठवड्यात बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रात गेले. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून असं केंद्र चालवलं जातं, सल्ला फुकट असतो. तिथल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी माझी वही बघितली आणि विचारलं, “ही तुमच्या आठवणीतली यादी झाली. तुमच्या नावावरची यादी बघितलीय का?” सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, अशा चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात, आणि प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दुकानात जाऊन दोनशे-तीनशे देऊन काढू नका, ओटीपी दुसऱ्याच्या हातात देऊ नका. मुलीनं माझ्या मोबाईलवर अर्ध्या तासात काढला.

त्यात दोन गोष्टी निघाल्या. २०१९मध्ये शिलाई मशीनसाठी घेतलेलं कर्ज मी २०२१मध्ये फेडलं होतं, ते अजून चालू दिसत होतं. आणि एक कर्ज मी घेतलंच नव्हतं: मोबाईलचं, १८,९९९चं, चार हप्ते थकलेले.

घेतलं नव्हतं, पण सही माझी होती. डिसेंबर २०२३मध्ये वन्संचा मुलगा आला होता. “मामी, दुकानात चल जरा, साक्षीदार म्हणून सही पाहिजे.” मी गेले, बोट ठेवलं तिथं सही केली, कॅमेऱ्यासमोर फोटोही काढला. ती साक्षीदाराची सही नव्हती, कर्जदाराची होती. पोरानं मला फसवलं का? नाही, त्यालाही नीट कळलं नव्हतं. दुकानदारानं ‘घरातल्या कुणाचं सिबिल चांगलं आहे’ विचारलं आणि त्याला मी आठवले. मशीनच्या कर्जाचं मला इतकं वाईट वाटलं नाही. या सहीचं वाटलं, कारण इथं कुठल्या कंपनीचा माणूस घाई करत नव्हता. घरातल्या पोराला ‘थांब, वाचते’ म्हणायलाही मला जड गेलं होतं.

वन्संना फोन यांनी करावा असं आधी ठरलं. पण सही माझी, म्हणून मीच केला. खूप सांभाळून बोलले. तरी त्या म्हणाल्या, “चार पैशांसाठी माझ्या पोराचं नाव घेतेस?” त्या दिवाळीत भाऊबीजेला त्या आल्या नाहीत. ओवाळणीचं ताट मी मांडून ठेवलं होतं, संध्याकाळी उचललं. यांनी काही म्हटलं नाही, पण जेवलेही नाहीत. हिशोब चोख ठेवायचा म्हटलं की नात्यात काही काळ अशी रिकामी जागा पडते. ती आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय. जानेवारीत पोरगा स्वतः आला, एका दुकानात कामाला लागला होता, तीन हजार हातावर ठेवले आणि म्हणाला, “मामी, बाकीचं मार्चपर्यंत.” मार्चचं मे झालं, पण त्यानं फेडलं. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, मी त्याच्याबरोबर जाऊन घेतला. वन्सं यंदा भाऊबीजेला आल्या. आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

मशीनच्या कर्जाची तक्रार ऑनलाइन टाकली, बेबाकी दाखल्याचा फोटो जोडून. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम आहे. माझी चोविसाव्या दिवशी झाली. दाखला नसता तर काय केलं असतं? म्हणून कर्ज फिटलं की त्याच आठवड्यात बेबाकी दाखला मागून घ्या आणि आधारच्या पिशवीत ठेवा.

आता वहीबद्दल. मी चार रकाने केले: गरज, हौस, भीती, लाज. भाडं, शाळा, हप्ते सोडून जे काही हातातून जाईल ते यातल्या एकात लिहायचं. पहिला पूर्ण महिना नोव्हेंबर. एकूण ११,३००. गरज ५,२००. भीती १,२५०, त्यात मुलगी आजारी पडेल म्हणून आणलेली टॉनिकं आणि तेल महाग होणार म्हणून आणलेली जादा पाकिटं. हौस १,१५०. लाज ३,७००.

मी बेरीज तीनदा केली. गल्लीतल्या वास्तुशांतीला पितळी समई १,२००, कारण शेजारणीनं चांदीचं निरंजन दिलं होतं. चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला साडी १,४००. पाहुणे येणार म्हणून कुंद्याचे दोन डबे ६००, खरं तर एकानं भागलं असतं. मंडळाची वाढीव वर्गणी ५००. यातल्या कुठल्याच माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला कोणी कमी समजू नये म्हणून मी दर महिन्याला एका मायक्रोफायनान्सच्या साधारण दीड हप्त्याएवढे पैसे वाटत होते, आणि गंठण पेढीवर होतं.

दुसरी गोष्ट मुलीनं दाखवली. “आई, हौसेत तुझं काय आहे? सगळं माझं आणि बाबांचंच आहे.” खरंच माझं काही नव्हतं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार माझ्या खात्यात येतात, कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम, पण तेसुद्धा खर्च करताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. डिसेंबरपासून मी स्वतःसाठी महिना ३०० ठेवले, कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पहिल्या महिन्यात ते खर्चच झाले नाहीत. जानेवारीत रविवार पेठेतून चांगली कात्री आणली, ब्लाउजच्या कामाची. मुलगी म्हणाली, ही गरज झाली, हौस नाही. फेब्रुवारीत शेवंतीची वेणी घेतली आणि बसमध्ये खिडकीशी बसून सासरी गेले. तिकीट पडत नाही, बायकांना बस फुकट करणाऱ्या सरकारच्या शक्ती योजनेमुळे, पण वेणीचे चाळीस रुपये मी मोजून दिले आणि वहीत अभिमानानं लिहिले.

लाज एकदम कमी झाली नाही. डिसेंबरात २,९००, जानेवारीत लग्नं नव्हती म्हणून १,१००, फेब्रुवारीत परत २,४००. साडीऐवजी मी शिवलेला ब्लाउज द्यायला लागले. त्यातही सुरुवातीला हात आखडायचा, घरचं दिलं म्हणतील म्हणून. पण बायका स्वतःहून माप द्यायला येतात, हे दिसलं.

याच काळात आमच्या जिल्ह्यात मायक्रोफायनान्सच्या वसुलीवरून खूप काही घडत होतं, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. आमच्या गल्लीत दोघी घर बंद करून माहेरी गेल्या होत्या. तेव्हा साक्षरता केंद्रातल्या साहेबांनी मला जे सांगितलं ते मी भिशीत मोठ्यानं वाचून दाखवलं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर मायक्रोफायनान्सवाल्यांनी वसुलीसाठी फोन करायचा नाही. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा, ओळीनं दोनदा तिथं गेलो नाही तरच घरी यायचं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. आणि कर्जाच्या कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला कळेल त्या भाषेत असल्या पाहिजेत.

हे शेवटचं ऐकून मी दोन रात्री विचार करत होते. मग मार्चमध्ये मायक्रोफायनान्सच्या हप्त्याच्या बैठकीत कार्ड पुढं केलं आणि म्हणाले, “साहेब, मला मराठीत पाहिजे.” तो तरुण मुलगा गोंधळला. मराठी छापील कार्ड त्याच्याकडे नव्हतं. “अक्का, आता दोनच हप्ते राहिलेत, कशाला?” मी म्हणाले, म्हणूनच, संपायच्या आधी मला कळू दे. मी अर्ज लिहून दिला. पुढच्या बैठकीला छापील कार्ड आलं नाही, पण त्यानं बाजूला बसून एकेक रकाना वाचला आणि मी पेन्सिलनं शेजारी मराठीत लिहिलं: मुद्दल, व्याज, विमा, शिल्लक. मागं बायका थांबल्या होत्या. माझे कान तापले होते, पण मी पेन्सिल खाली ठेवली नाही. दाद लागलीच नसती तर कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. मला तिथवर जावं लागलं नाही.

एप्रिल २०२५ला दोन्ही मायक्रोफायनान्स आणि गट, तिन्ही संपले. त्यांचे सहा हजार तसेच्या तसे गंठणाकडे वळवले. हे ठरवायला अवघड नव्हतं, पाळायला होतं. मे महिन्यातच मायक्रोफायनान्सच्या त्याच मुलाचा फोन, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, ऐंशी हजार मंजूर होतील. यांनी फोन घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

दर महिन्याला पाचशे बाजूला टाकायला लागलो, आजारपण आलं तर परत सोनं घेऊन जायला नको म्हणून. गल्लीतल्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं, ओळखीची माणसं आहेत. पण सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे केंद्रात कळलं होतं. म्हणून बँकेत आवर्ती ठेव काढली. फॉर्म भरायला पाऊण तास लागला. सगळा वाचला. वारसाच्या जागी मुलीचं नाव लिहिताना अक्षर चांगलं आलं.

१२ डिसेंबर २०२५ला गंठण सोडवलं. पाटल्यांचं वर्षाचं व्याज ऑक्टोबरात भरून झालं होतं, त्या अजून तिथंच आहेत. काउंटरवर सोडवणुकीचा अर्ज आला, अर्धा कन्नड, अर्धा इंग्रजी. मी चष्मा लावला. माझ्यामागं पाच-सहा जण होते. मुलगी शाळेत होती, त्यामुळे एकटीच. दागिन्याचं वजन पावतीशी जुळवून बघितलं, १८ ग्रॅम ४०० मिलिग्रॅम. एक ओळ कळली नाही, ती विचारली: दागिने तपासून मिळाले, तक्रार नाही, असं होतं. मग आधी पाकीट फोडून दागिना बघते, सही नंतर करते म्हटलं. त्यांनी पाकीट फोडलं. काळे मणी थोडे धुळकटले होते.

घरी येऊन सासूबाईंना फोन केला. त्यांना गहाणाचं आम्ही त्या दिवाळीनंतर सांगितलं होतं. म्हणाल्या, “घातलीस?” मी म्हटलं, घातलं. “बरं झालं बाई. पाटल्यांची घाई करू नको, माज्या हातात हाईत त्या वापर सणाला.” मी नको म्हटलं. मग वाटलं, ही लाज की गरज? अजून ठरलेलं नाही.

या महिन्याची वही काल बंद केली. गरज ६,१००, हौस ८५०, त्यातले माझे २८०. भीती ३००. लाजेच्या रकान्यात ६५०, बारशाला चांदीचा वाळा घ्यायचा होता, दुकानात गेल्यावर मन बदललं आणि दुपटं घेतलं, पण दोन घेतली.